वाचलेला पैसा जातो कुठे?

२०१२ च्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराचे प्रमुख जनरल रे ओडिएर्नो यांनी संसदेला स्पष्ट सांगितले, की आम्हाला आणखी रणगाड्यांची गरज नाही. लष्कराकडच्या रणगाड्यांचे सरासरी वय तेव्हा जेमतेम अडीच वर्षे होते. काही वर्षे काम थांबवले तर तो पैसा दुसरीकडे वापरता येईल, असा लष्कराचा हिशेब होता. यावर १७३ लोकप्रतिनिधींनी संरक्षणमंत्र्यांना पत्र पाठवले: काम थांबवू नका. सह्या करणाऱ्यांत दोन्ही पक्षांचे लोक होते. हे रणगाडे ओहायो राज्यातल्या लायमा नावाच्या छोट्या शहरातल्या कारखान्यात तयार होतात आणि त्यांचे सुटे भाग पुरवणारे उद्योग देशभर विखुरलेले आहेत. शेवटी लष्करप्रमुखांचे म्हणणे बाजूला राहिले आणि संसदेने पैसे मंजूर केले.

लष्करी खर्च कमी करा, तो पैसा शाळांना, दवाखान्यांना, घरांना, पाण्याला द्या, ही मागणी घेऊन अमेरिकेतल्या गावोगावी लोक कित्येक दशके काम करत आहेत. ती मागणी न्याय्य आहे, तातडीची आहे आणि मला ती मनापासून पटते. पण लायमाची गोष्ट बाजूला ठेवून ती रेटता येणार नाही. लष्करी खर्चामागे शत्रूची भीती आणि शस्त्रकंपन्यांचा नफा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे हजारो गावांतल्या महिन्याच्या पगाराचे गणितही असते. पैसा जिथून काढायचा तिथले कामगार आणि पैसा जिथे न्यायचा तिथले रहिवासी हे दोघे एका बाजूला येत नाहीत, तोवर ही चळवळ ठराव जिंकेल, पण अर्थसंकल्प हरेल. आणि समजा, खर्चात कपात झालीच, तरी वाचलेला पैसा लोकांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. हे एकदा घडून गेले आहे. त्याकडे मी येणारच आहे.

आधी आकड्यांचा आवाका. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर झाला. आदल्या वर्षापेक्षा तो ९.४ टक्क्यांनी जास्त होता आणि शीतयुद्ध संपल्यानंतर एका वर्षात एवढी मोठी वाढ कधी झाली नव्हती. यातले ९९ हजार ७०० कोटी डॉलर, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, एकट्या अमेरिकेचे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले २६ वे कलम सांगते, की जगाची मनुष्यशक्ती आणि साधनसंपत्ती शस्त्रांकडे कमीत कमी वळावी, आणि त्यासाठी शस्त्रनियमनाच्या योजना तयार करण्याची जबाबदारी सुरक्षा परिषदेवर आहे. हे कलम १९४५ चे आहे. त्याबरहुकूम ज्यांनी पुढाकार घ्यायचा, त्या परिषदेचे पाचही कायम सदस्य आज अण्वस्त्रधारी आहेत आणि शस्त्रविक्रीतही आघाडीवर आहेत. वरून काही होईल ही आशा किती धरायची, ते यावरून दिसते.

वरून प्रयत्न झालेच नाहीत, असेही नाही. १६ एप्रिल १९५३ रोजी, स्टालिनच्या मृत्यूला दीड महिनाही झाला नसताना, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर वॉशिंग्टनमध्ये वृत्तपत्रांच्या संपादकांपुढे बोलले. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त सैन्याचे नेतृत्व केलेला हा माणूस. तयार होणारी प्रत्येक बंदूक आणि पाण्यात उतरणारी प्रत्येक युद्धनौका म्हणजे भुकेल्यांच्या तोंडचा घास चोरणे आहे, असे ते म्हणाले. मग त्यांनी सरळ हिशेबच मांडला. एका आधुनिक बाँबर विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा बांधता येते. किंवा साठ हजार वस्तीच्या गावाला पुरेल असे एक, अशी दोन वीजकेंद्रे उभी राहतात. किंवा दोन सुसज्ज रुग्णालये. एका विनाशिकेच्या पैशात आठ हजारांहून अधिक माणसांना घरे मिळतात. सत्तर वर्षांनंतरही कार्यकर्ते पत्रकांवर हीच पद्धत वापरतात, इतकी ती साधी आणि अचूक आहे.

पण आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत झाले काय? त्या दशकात अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण दहावा हिस्सा लष्करावर खर्च करत राहिली. पद सोडताना, जानेवारी १९६१ मध्ये, त्यांनी लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या संगनमताच्या प्रभावापासून सावध राहण्याचा इशारा दिला. आठ वर्षे देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेला सेनानी जाता जाता नागरिकांना सावध करतो, याचा मी लावलेला अर्थ असा, की हे काम अध्यक्षाच्या एकट्याच्या हातचे नव्हते. शाळा हवी म्हणणारे आणि बाँबर बनवणारे, दोघांनाही त्या हिशेबाच्या वहीजवळ कोणी बोलावले नव्हते.

ती वही लोकांपुढे उघडायची, हे तळातल्या संघटनांनी केलेले सगळ्यात मोलाचे काम. अमेरिकेत प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत साधारणपणे १५ एप्रिलला संपते. त्या सुमाराला पोस्टाबाहेर कार्यकर्ते एक टेबल मांडतात. टेबलावर काचेच्या बरण्या: शिक्षण, आरोग्य, घरे, पर्यावरण, लष्कर अशा चिठ्ठ्या लावलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात दहा सुटी नाणी ठेवायची आणि म्हणायचे, हा तुमचा कर, तुम्हीच वाटा. माणूस थबकतो. एक नाणे आरोग्यात टाकतो, दोन शिक्षणात, लष्कराच्या बरणीपुढे जरा घुटमळतो, एखादे टाकतो, कधी परत काढून घेतो. मग त्याला सरकारी वाटणी दाखवायची. भाषण नाही, घोषणा नाही. ज्याने आयुष्यात कधी अर्थसंकल्पाचे पान उलटलेले नाही, त्याच्याही लक्षात येते, की वाटणी ही कोणीतरी केलेली असते आणि ती वेगळी करता येते.

याच कामाची दुसरी बाजू मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल प्रायॉरिटीज प्रोजेक्ट’ या संस्थेने सांभाळली. देशाच्या अर्थसंकल्पाचे अवाढव्य आकडे फोडून ते गावाच्या पातळीवर आणायचे. तुमच्या शहराने भरलेल्या करातले इतके डॉलर लष्कराकडे गेले, तेवढ्यात तुमच्या शहराला इतके शिक्षक मिळाले असते, इतक्या मुलांचे आरोग्य सांभाळले गेले असते. लाखो कोटींचा आकडा ऐकून माणूस बधिर होतो. आपल्या गावातल्या शाळेत कमी केलेल्या चार शिक्षकांचा आकडा त्याला झोंबतो.

इथे एक गोष्ट चळवळीतल्या लोकांना सांगितली पाहिजे, कारण विरोधक ती सांगणारच आहेत. अमेरिकेच्या अर्थसंकल्पाचे दोन भाग असतात. निवृत्तिवेतन, वृद्धांची वैद्यकीय मदत यांसारखा खर्च कायद्याने ठरलेला असतो. उरलेला खर्च संसद दरवर्षी नव्याने मंजूर करते. या दुसऱ्या भागात लष्कराचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. एकूण खर्चात तो बराच कमी, साधारण सातवा-आठवा हिस्सा. पत्रकांवरच्या वर्तुळात बहुधा निम्मा भाग लाल रंगवलेला असतो आणि हे वर्तुळ नेमके कशाचे, ते बारीक अक्षरात दिलेले असते. ते ठळक अक्षरांत द्यावे. वर्षाला जो पैसा खरोखर हलवता येतो त्यातला अर्धा लष्कराकडे जातो, हे वाक्य आहे तसेच पुरेसे जळजळीत आहे, त्याला मिठाची गरज नाही. आणि एकदा का ऐकणाऱ्याला आपण आकडा फुगवला असे वाटले, की पुढचे काहीच त्याच्या कानात शिरत नाही.

आता न्यू हेवनकडे वळतो. कनेक्टिकट राज्यातले हे शहर बाहेरच्यांना येल विद्यापीठामुळे माहीत असते, पण विद्यापीठाच्या आसपासच्या वस्त्यांत गरिबी दाट आहे. शहराचा स्वतःचा शांतता आयोग आहे, नगरपालिकेच्या रचनेतला. नोव्हेंबर २०१२ च्या निवडणुकीत मतदारांपुढे एक प्रश्न ठेवला गेला: संसदेने लष्करी खर्च कमी करून तो पैसा नागरी उत्पादनाकडे, रोजगाराकडे आणि लोकांच्या गरजांकडे वळवावा का? तो मोठ्या बहुमताने मंजूर झाला. त्याच दिवशी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्येही नव्वदएक शहरां-गावांत अशाच आशयाच्या प्रश्नावर मतदान झाले आणि तिथेही कौल मागणीच्या बाजूने लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये, साथीच्या ऐन तडाख्यात, न्यू हेवनने पुन्हा विचारले: आरोग्य आणि हवामानाच्या संकटांना तोंड देण्यासाठी लष्कराचा निधी शहरांकडे द्यावा का? पाचपैकी चाराहून अधिक मतदारांनी हो म्हटले. त्याआधी, जून २०११ मध्ये, देशभरच्या महापौरांच्या परिषदेने बाल्टिमोरच्या अधिवेशनात इराक-अफगाणिस्तानातला पैसा घरी आणण्याचा ठराव केला होता.

या ठरावांना कायद्याचे बळ नाही. संसदेवर ते बंधनकारक नाहीत. म्हणून पुष्कळ शहाणी माणसे त्यांना कागदी म्हणतात. मला तसे वाटत नाही. असा एक प्रश्न मतपत्रिकेवर आणायचा तर सह्या गोळा कराव्या लागतात, नगरसेवकांना पटवावे लागते, चर्चच्या तळघरात आणि शाळेच्या सभागृहात बैठका घ्याव्या लागतात. परिचारिका, शिक्षक, भाडेकरू संघटना, माजी सैनिक एरवी आपापल्या मागण्यांसाठी एकेकटे भांडतात. ते इथे पहिल्यांदा एका टेबलाशी येतात आणि आपण सगळे एकाच रिकाम्या तिजोरीतून मागत होतो, हे त्यांना कळते. ठरावाचा कागद फाइलमध्ये जातो, ही ओळख मात्र राहते. तिच्यावर पुढचे काही उभारता येते. उभारले नाही तर ठराव कागदीच, हे मी मान्य करतो.

कारण संसदेत काय होते, ते जुलै २०२० मध्ये दिसले. लष्करी खर्चात दहा टक्के कपात सुचवणारी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात ९३ विरुद्ध ३२४ मतांनी पडली. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये बर्नी सँडर्स यांची दुरुस्ती २३ विरुद्ध ७७ मतांनी पडली. माणसे रोज मरत होती, रुग्णालयांत साधे मुखपट्टे पुरत नव्हते आणि दहा टक्के सोडायलाही दोन्ही पक्षांतल्या बहुतेकांची तयारी नव्हती. तरीही सँडर्स यांच्या दुरुस्तीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ७,४०० कोटी डॉलर काढा एवढेच तिच्यात नव्हते. ते अतिशय गरीब वस्त्यांच्या आरोग्याला, घरांना, शिक्षणाला आणि रोजगाराला द्या, हेही तिच्यात लिहिलेले होते. पैशाचा मुक्काम ठरवलेला होता.

तो ठरवला नाही तर काय होते, ते १९९० च्या दशकाने दाखवून दिले आहे. बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये पडली. आता शस्त्रांवरचा पैसा सुटणार, शांततेचा लाभांश मिळणार, अशी आशा जगभर होती. अमेरिकेत शहरे मोडकळीला आली होती आणि तिथल्या नगरपालिका या लाभांशाकडे डोळे लावून बसल्या होत्या. १९९० च्या शरद ऋतूत संसदेने तूट आटोक्यात आणण्यासाठी एक कायदा केला. त्यात पुढच्या तीन वर्षांसाठी लष्करी, परराष्ट्र आणि देशांतर्गत खर्चाच्या तीन वेगळ्या मर्यादा घातल्या आणि त्यांच्यामध्ये भिंती उभ्या केल्या. लष्करात वाचलेला डॉलर देशांतर्गत कामाकडे वळवण्यास मनाई. तो फक्त तूट कमी करायला वापरायचा. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, ज्याच्या नावाने हा सगळा डोलारा उभा होता तोच उरला नाही, तरी भिंती जागच्या जागी. १९९२ च्या वसंतात त्या पाडण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात आला आणि पडला.

लष्करी खर्च मात्र खरोखरच उतरला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत तो, महागाई वजा जाता, जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. म्हणजे आजच्या चळवळीचे स्वप्न आहे त्याच्या तिप्पट कपात झाली. शाळांच्या पदरात त्यातले फार थोडे पडले. दक्षिण कॅलिफोर्नियात विमाने आणि क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या कारखान्यांतून लाखाहून अधिक लोक बाहेर पडले. शस्त्रउद्योगाचे नागरी उद्योगात रूपांतर करायचे असेल तर योजना आधीच तयार हवी, प्रत्येक मोठ्या कारखान्यात व्यवस्थापन आणि कामगार यांची समिती हवी, हा आग्रह कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक सेमूर मेलमन वर्षानुवर्षे धरत होते. न्यूयॉर्कचे खासदार टेड वाइस त्या धर्तीचे विधेयक पुन्हा पुन्हा मांडत होते. ते कधीच मंजूर झाले नाही.

कंपन्यांची सोय मात्र झाली. १९९३ मध्ये संरक्षण खात्याने बड्या कंत्राटदारांना जेवायला बोलावून सांगितले, की आता सगळ्यांना पुरेल एवढे काम नाही, एकमेकांत विलीन व्हा. विलीनीकरणाचा काही खर्चही सरकारने कंत्राटांतून भरून दिला. म्हणजे ज्या विलीनीकरणांत कामगार घरी बसले, त्यांचे बिल अंशतः करदात्याने चुकते केले. ५१ मोठ्या कंत्राटदारांचे पुढे ५ उरले. हे ५ इतके बलाढ्य झाले, की २००१ नंतर खर्च पुन्हा चढू लागला तेव्हा त्यांना अडवणारे कोणी नव्हते. कपात झाली होती, पण सत्तेची वाटणी आधीपेक्षा वाईट झाली होती.

त्याच काळात एक गोष्ट बरी झाली, तीही इथे नोंदवतो. शीतयुद्धानंतर शेकडो लष्करी तळ बंद झाले. तळ बंद करण्याच्या कायद्यात जागेचा पुढे काय उपयोग करायचा, याची प्रक्रिया घालून दिलेली होती. स्थानिक मंडळ नेमायचे, आराखडा करायचा, केंद्राने मदत करायची. कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड हा विस्तीर्ण तळ १९९४ मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या एका भागात नवे राज्य विद्यापीठ सुरू झाले. जमिनीत मुरलेली रसायने आणि न फुटलेला दारूगोळा काढायला पुढे कित्येक वर्षे लागली, सगळे गोड झाले असे नाही. तरी कारखान्यांच्या बाबतीत जे घडले त्याच्याशी ताडून पाहावे. एकीकडे मुक्काम आधी लिहिलेला होता, दुसरीकडे नव्हता.

रोजगाराचा युक्तिवाद चळवळीकडे आहे आणि तो भक्कम आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये हिशेब मांडला होता: शंभर कोटी डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे ११,२०० रोजगार तयार होतात. तेच पैसे आरोग्यसेवेवर घातले तर १७,२०० आणि शिक्षणावर घातले तर २६,७००. सरकारने रोजगारासाठी शस्त्रे घ्यावीत, या म्हणण्यातली हवाच यामुळे निघून जाते. पण हा तक्ता घेऊन लायमाच्या कारखान्याच्या दारात उभे राहून पाहा. तिथला पन्नाशीतला वेल्डर विचारेल, त्या २६,७०० नोकऱ्यांतली माझी कुठली? मी उद्या चौथीचा वर्ग शिकवायला जाऊ का? त्याच्या पगारावर घराचे हप्ते आहेत, त्याला कंपनीचा आरोग्य विमा आहे, आणि शाळेतल्या मदतनिसाला त्याच्या निम्माही पगार मिळत नसेल. सरासरीचा आकडा त्याच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. त्याला उत्तर न देता आपण त्याच्याकडून मत मागत असू, तर तो शस्त्रकंपनीच्या बाजूने उभा राहणार आणि त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर कामगारांनीच शोधण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. लुकास एरोस्पेस या कंपनीचे जवळजवळ निम्मे उत्पादन लष्करासाठी होते. सत्तरच्या दशकात नोकरकपातीचे सावट आले तेव्हा वेगवेगळ्या कारखान्यांतल्या, वेगवेगळ्या संघटनांच्या कामगार प्रतिनिधींनी एक संयुक्त समिती बांधली. त्यांनी आधी विद्यापीठांना आणि तज्ज्ञांना पत्रे लिहिली: आमच्याकडे ही यंत्रे आहेत, ही कौशल्ये आहेत, समाजाच्या उपयोगाचे काय बनवता येईल? उत्तरे जवळजवळ आलीच नाहीत. मग त्यांनी तीच प्रश्नावली आपल्याच सहकाऱ्यांना दिली. तुमच्या विभागात कोणती यंत्रे आहेत, तुम्हाला काय येते, आणि तुमच्या वस्तीत कशाची वाण आहे? लेथवर काम करणारे, आरेखन करणारे, जोडणी करणारे असे सगळे लिहायला बसले. सुमारे दीडशे वस्तूंच्या कल्पना निघाल्या. मूत्रपिंड निकामी झालेल्यांसाठी सुवाह्य डायलिसिस यंत्र, उष्णता पंप, पवनचक्क्या, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारे इंजिन, रुळावर आणि रस्त्यावर दोन्हीकडे धावणारी गाडी, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांना स्वतःची स्वतः फिरता यावे म्हणून केलेली बसकी गाडी. जानेवारी १९७६ मध्ये ही योजना जाहीर झाली. आज जगभर ज्याची धडपड चालू आहे, त्यातले कितीतरी त्या यादीत होते.

कंपनीने ती फेटाळली. काय बनवायचे हे कामगार ठरवू लागले तर उद्या काय, ही त्यामागची खरी धास्ती. सरकारनेही नुसतीच शाबासकी दिली. योजनेचे एक प्रमुख सूत्रधार माइक कूली यांना १९८१ मध्ये कामावरून काढले. त्याच वर्षी त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, ही त्या काळाची विसंगती. तरी या प्रयत्नाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली: शस्त्रांच्या कारखान्यातल्या माणसाला आपण काय बनवतो याची खंत असू शकते आणि दुसरे काय बनवता येईल याची जाणही बाहेरच्या कोणाहीपेक्षा त्यालाच जास्त असते. त्या कामगारांना तेव्हा बाहेरून हवी होती तेवढी साथ मिळाली नाही. रुग्णालये, नगरपालिका, शाळा यांनी आम्ही तुमच्या वस्तू घेऊ, असे संघटितपणे म्हटले असते तर चित्र पालटले असते की नाही, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ते म्हटले गेले नाही, ही उणीव मला सलते.

लष्कर बरखास्त करणाऱ्या कोस्टारिकाचे उदाहरण या चर्चेत नेहमी निघते. १९४८ चा तो निर्णय मोठाच होता. पण यादवी जिंकून आलेल्या नेत्याने लहान देशात घेतलेला निर्णय आणि शस्त्रउद्योगावर लाखोंची पोटे अवलंबून असलेल्या देशात खालून बांधायची चळवळ, यांची वाट एक नाही. त्यावर इथे अधिक रेंगाळत नाही.

सुरक्षेचा आक्षेप मात्र टाळण्यासारखा नाही. युक्रेनवर रशियाने केलेले आक्रमण डोळ्यांपुढे असताना लष्करी खर्च कमी करा कसे म्हणता? ज्या देशाच्या सीमेत शत्रूचे रणगाडे शिरले आहेत, त्याला मी हे सांगणार नाही. प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत मागणी दहा टक्क्यांची आहे. उरलेले नव्वद टक्केसुद्धा दुसऱ्या क्रमांकावरच्या चीनच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त भरतात. ज्या खात्याकडे हा पैसा जातो, त्याचे पहिले संपूर्ण लेखापरीक्षण २०१८ मध्ये झाले आणि तेव्हापासून दरवर्षी ते त्यात नापास होत आले आहे. आपल्याकडे काय आहे आणि कुठे आहे, याचा हिशेब ज्याला देता येत नाही, त्याच्या मागणीत एक डॉलरही कमी करता येत नाही हे कसे मानायचे? शहराची बस सेवा किंवा सरकारी शाळा अशी वर्षानुवर्षे नापास झाली असती, तर तिला टाळे लागले असते.

उलट दिशेने पैसा किती चटकन हलतो, हेही पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी संरक्षणखर्च वाढवण्यासाठी परदेशी विकासमदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणण्याची घोषणा केली. विकासमंत्र्यांनी राजीनामा दिला, निर्णय टिकला. जूनमध्ये नाटो देशांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के संरक्षण आणि संबंधित कामांवर खर्च करण्याचे ठरवले. जुलैमध्ये अमेरिकेत एकाच कायद्याने लष्कराला सुमारे १५,००० कोटी डॉलर जादा दिले, आणि गरिबांच्या वैद्यकीय मदतीला व अन्नसाहाय्याला कात्री लावली. रोगी, भुकेलेली मुले, परदेशातले दुष्काळग्रस्त यांच्याकडून पैसा काढताना कोणी १७३ सह्यांचे पत्र लिहिले नाही. कारण ते ना कारखान्यात एकत्र होते, ना एका मतदारसंघात. संघटना नसणे म्हणजे काय, ते याहून स्पष्ट कसे दिसावे?

म्हणून तळातल्या संघटनांनी यापुढे आपली मागणी तीन कलमांची करावी असे मला वाटते. किती कपात, हे पहिले. तो पैसा कोणत्या खात्यात, कोणत्या वस्त्यांना, कोणाच्या देखरेखीखाली, हे दुसरे. आणि ज्या कारखान्यांचे काम थांबेल, तिथल्या प्रत्येक कामगाराला किती वर्षे पूर्ण पगार आणि विमा, कोणते नवे उत्पादन, त्याची खरेदी करायला बांधील कोण, हे तिसरे. तिसरे कलम महाग आहे. पहिल्या काही वर्षांत वाचलेल्या पैशाचा मोठा भाग त्यातच जाईल आणि शाळांसाठी लढणाऱ्यांना ते कडू वाटेल. पण ते नसेल तर कारखान्याच्या गावांतले प्रतिनिधी कपातीविरुद्ध मत देत राहणार, आणि त्यांना निवडून देणारे लोक त्यांच्या पाठीशी राहणार.

कनेक्टिकटमध्ये याची सुरुवात झालेली आहे. त्या राज्यात अणुपाणबुड्या, लढाऊ विमानांची इंजिने आणि लष्करी हेलिकॉप्टर बनतात. तिथल्या विधिमंडळाने २०१३ मध्ये एक आयोग नेमला. शस्त्रउत्पादनावर अवलंबून असलेल्या उद्योगांना दुसरे काय करता येईल, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे दिले आणि त्यात कामगार संघटना, पर्यावरणवादी आणि शांततावादी यांना एकत्र बसवले. त्यातून मोठे काही उभे राहिले नाही, पाणबुड्यांचे काम उलट वाढले. तरी चौकट बरोबर होती. न्यू हेवनमध्ये पाचातल्या चौघांचे मत आधीच आपल्या बाजूने आहे, तिथे आणखी एक सभा घेऊन फारसे हाती लागणार नाही. पाणबुड्या बनतात त्या ग्रोटनला तिथून मोटारीने तासभर लागतो. पुढची सभा ग्रोटनच्या युनियनच्या सभागृहात, तिथल्या लोकांच्या निमंत्रणावरून व्हायला हवी, आणि ते निमंत्रण मिळवायचे तर आधी त्यांच्या पगारवाढीच्या लढ्यात न्यू हेवनच्या शिक्षकांनी आणि परिचारिकांनी जाऊन उभे राहिले पाहिजे.